बंद करायचं नाही!

मॅसॅच्युसेट्समध्ये जुनं घर घेणारा मराठी माणूस आधी स्वयंपाकघर बघतो, मग शाळा कशी आहे ते विचारतो, मग दार कुठल्या दिशेला आहे ते फोनमधल्या होकायंत्रावर गुपचूप तपासतो. तळघरात तो सगळ्यांत शेवटी उतरतो. तोवर सत्यनारायणाचा चौरंग कुठे मांडायचा हेसुद्धा मनात ठरलेलं असतं. त्यामुळे तळघराच्या कोपऱ्यात चार पायांवर उभी असलेली लोखंडी टाकी त्याला दिसते, पण उमगत नाही. एजंटबाई म्हणतात, "ऑइल हीट." आपण जाणकारासारखी मान डोलावतो. पहिला डिसेंबर आला की कळतं, घराबरोबर आपण एक म्हैसही विकत घेतलेली आहे.

तिच्या पोटात २७५ गॅलन, म्हणजे हजार लिटरच्या वर, तेल मावतं. थंडीभर ती खात राहते. उन्हाळ्यात नुसती उभी असते, तरी जागा तेवढीच अडवते. वर्षातून एकदा तिला तपासायला माणूस येतो, तो तिच्यापेक्षा आपल्यालाच जास्त सुया टोचून जातो. आणि तिचा वास घरच्यांना काही दिवसांनी येईनासा होतो. पाहुण्यांना मात्र दारातच येतो.

अमेरिकेत अजून पन्नास लाखांच्या आसपास घरं अशी तेलावर ऊब घेतात. त्यांतली पाचांतली चार देशाच्या ईशान्य कोपऱ्यात एकवटली आहेत. मेन राज्यात तर निम्म्याहून जास्त घरांत तेलच. गंमत म्हणजे एके काळी तेल हाच स्वच्छ पर्याय होता. त्याआधी या तळघरांत कोळसा जळायचा. घरातल्या कर्त्या पुरुषाने भल्या पहाटे उठायचं, फावड्याने कोळसा ओढायचा, राख भरून बाहेर न्यायची. तेल आलं आणि तो गृहस्थ पहाटे झोपून राहू लागला. एवढं मोठं सुख ज्याने दिलं त्याला आज 'घाणेरडं इंधन' म्हणताना जरा कृतघ्न वाटतं खरं. पण एक गॅलन तेल जाळलं की दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि जुनं घर एका हिवाळ्यात पाचसहाशे गॅलन सहज रिचवतं. पाचसहा टनांचा हिशेब कृतज्ञतेच्या पोटात मावत नाही.

हे तेल म्हणजे जवळजवळ डिझेलच. फक्त त्याला लाल रंग घातलेला असतो, कारण त्यावर रस्त्याचा कर नाही. ते ट्रकमध्ये घालून कोणी हिंडू लागलं तर रंगावरून पकडता यावं म्हणून ही युक्ती. रेशनच्या निळ्या रॉकेलवर वाढलेल्या आपल्या पिढीला हे समजावून सांगावं लागत नाही. सरकार रंग घालतं म्हटल्यावर चोरी कुठे होत असणार हे आपल्याला आपोआप कळतं.

तेल भरण्याचा सोहळा एकदा तरी बघावा असा. भला मोठा टँकर दारात येतो. तेलवाला खांद्यावर नळी टाकून गुडघाभर बर्फातून घराच्या बाजूला जातो. भिंतीतून दोन नळ्या बाहेर आलेल्या असतात, एक तेल आत जायला, दुसरी टाकीतली हवा बाहेर पडायला. हवेच्या वाटेवर एक शिट्टी बसवलेली असते. तेल आत जाऊ लागलं की हवा बाहेर पडते, शिट्टी वाजते आणि तेलवाला तिच्याकडे कान लावून उभा राहतो. शिट्टी थांबली की टाकी भरली. शिट्टी वाजलीच नाही तर भरायचंच नाही, असा त्यांचा दंडक. सासूबाईंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या वरून ओरडल्या, "अगं, कुकर कोणी लावलाय? किती शिट्ट्या झाल्या?"

तेलाचे ग्राहक दोन जातींचे. पहिल्या जातीच्या दारात तेलवाला न बोलावता येतो. त्याच्या कंपनीत रोजचा हिशेब चालतो: दिवसाचं सरासरी तापमान ६५ फॅरनहाइटच्या जितकं खाली, तितके त्या दिवसाचे 'डिग्री डे'. त्यांची बेरीज करायची, तुमच्या घराच्या भुकेशी ताडून बघायची, की टाकी केव्हा तळाला जाईल ते कळतं. आपल्याला कळायच्या आत त्यांना कळतं. दुसऱ्या जातीचा ग्राहक स्वतः फोन करून तेल मागवतो, कारण त्यात गॅलनमागे काही सेंट वाचतात. मराठी माणूस कुठल्या जातीत मोडतो हे सांगायला नको. भाव उतरायची वाट बघत तो रोज टाकीवरचा काटा बघतो. काटा कसला, काचेच्या नळीत वरखाली होणारं एक छोटंसं बोंडूक. ते पाववर येतं, मग त्याच्याही खाली जातं, भाव काही उतरत नाही, आणि मग नेमकं बर्फाचं वादळ येतं. तेल संपून नळीत हवा शिरली की बर्नर नुसतं तेल घालून सुरू होत नाही. हवा काढायला माणूस बोलवावा लागतो, आणि वाचवलेले सगळे सेंट तो एका भेटीत घेऊन जातो. आमचे एक स्नेही तर अशा रात्री पिवळा डबा घेऊन पेट्रोलपंपावर डिझेल आणायला गेले होते. "लहानपणी रॉकेलच्या रांगेत उभा होतो, आता इथे उभा आहे," एवढंच ते म्हणाले. मध्ये एक पीएचडी होऊन गेली होती.

२०२२ साली युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि तेलाने गॅलनला पाच डॉलरची वेस ओलांडली. त्याच वर्षी सासरे हिवाळा बघायला आले होते. हिवाळा त्यांनी बघितला तो मुख्यतः त्या बोंडकातून. सकाळी चहाच्या आधी तळघरात, रात्री औषधाच्या आधी तळघरात. एकदा तेलवाल्याने दाराच्या कडीत खोचून ठेवलेलं बिल त्यांच्या हाती लागलं. डॉलरचे रुपये करायला त्यांना कागद लागत नाही. "एका टाकीला एक लाख?" ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले. त्या दिवसापासून घरात अंगावर स्वेटर, पायांत मोजे आणि डोक्याला कानटोपी असा गणवेश ठरला. बर्नर पेटला की तळघरातून 'धप्प' असा आवाज यायचा, मग गुरगुर. त्या प्रत्येक 'धप्प'ला सासरे डोळे मिटून घ्यायचे.

काटकसरीचा उपदेश अमेरिकेला नवा नाही. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखलं तेव्हा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी देशाला घरं ६८ फॅरनहाइटवर ठेवायला सांगितलं. ६८ म्हणजे २० सेल्सिअस. पुण्यात २० झालं की वर्तमानपत्रात 'शहर गारठले' असा मथळा येतो, शेकोटीचा फोटो येतो. इथे तो राष्ट्रीय त्यागाचा आकडा होता. पुढे कार्टर आले. फेब्रुवारी १९७७ मध्ये ते बदामी रंगाचं लोकरी जाकीट घालून टीव्हीवर शेकोटीशेजारी बसले आणि म्हणाले, दिवसा ६५, रात्री ५५. लोकांनी ऊर्जेचं धोरण विसरून ते जाकीटच लक्षात ठेवलं. कार्टर यांनी १९७९ मध्ये व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणारी ३२ सौर पॅनलं बसवली. रीगन यांच्या काळात छपराची दुरुस्ती निघाली आणि १९८६ मध्ये ती उतरली, परत काही चढली नाहीत. त्यांतली काही शेवटी कुठे गेली, तर मेनमधल्या एका कॉलेजच्या खाणावळीचं पाणी तापवायला. तेलाच्या माहेरघरी!

आमच्या घरी मात्र क्रांती घडवली ती लाल बटणाने. तेलाच्या घरात तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी एक लाल पट्टीचं बटण असतं. आग लागली तर बर्नर वरूनच बंद करता यावा म्हणून ते ठेवतात. इंग्रजीत त्यावर तसं लिहिलेलंही असतं. पण ते दिसतं दिव्याच्या बटणासारखं, आणि असतं दिव्याच्या बटणाशेजारी. सासूबाईंच्या नजरेला चालू राहिलेलं बटण दिसलं की त्यांचा हात आपोआप जातो. हे त्या करत नाहीत, त्यांच्याकडून होतं. त्या दुपारी तसंच झालं. संध्याकाळी घर गार, रात्री बर्फ. सगळे तेलाला, टाकीला आणि पुतिनला शिव्या देत बसलो. रात्री उशिरा माणूस आला, जिन्याच्या तोंडाशी थांबला, एक बोट वर केलं, खटका दाबला. खालून 'धप्प'. या बोटाचं बिल त्याने रात्रपाळीच्या दराने लावलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पण दिवा चालू होता."

त्या बिलानंतर घरात विजेवर घर तापवणाऱ्या हीट पंपाचा विषय निघाला.

पंप घ्यायच्या आधी घर तपासून घ्यावं लागतं. त्याचा एक तमाशाच असतो. पुढच्या दारात कापड ताणून मोठा पंखा बसवतात आणि घरातली हवा बाहेर ओढतात. मग जिथे जिथे फट आहे तिथून बाहेरची थंडी आत घुसते आणि चोर पकडले जातात. आमच्या घरात खिडक्या निर्दोष निघाल्या. वारा येत होता विजेच्या प्लगांमधून, माळ्याच्या झडपेभोवतून आणि खुद्द त्या तेलाच्या नळीच्या भोकातून. हिवाळाभर आम्ही जे तेल जाळलं त्यातलं बरंच गावाला ऊब द्यायला गेलं होतं. फटी बुजवणं, माळ्यावर भुसा भरणं हे काम दिसायला बिनमहत्त्वाचं, त्याचा फोटो कोणी फेसबुकवर टाकत नाही. पण माझं मत विचाराल तर निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते. उरलेल्या निम्म्या लढाईसाठी राज्याच्या योजनेतून अनुदान मिळालं. त्या काळी अख्खं घर हीट पंपावर नेणाऱ्याला दहा हजार डॉलरपर्यंत मिळत. अनुदान म्हटल्यावर सासऱ्यांनी कानटोपी काढली.

शंका मात्र त्यांनी सोडली नाही. "बाहेर उणे दहा. त्या हवेतून हा उष्णता काढणार? कुठून?" शंका रास्त होती. आपल्याला शून्य म्हणजे तळ वाटतो. खरा तळ उणे २७३ सेल्सिअसवर आहे. तिथून मोजलं तर उणे दहाच्या हवेतही भरपूर ऊब असते, फक्त ती आपल्या उपयोगाची नसते. पंपात एक द्रव फिरतो तो उणे पन्नासच्या आसपासच उकळतो. उणे दहाची हवा त्याला चांगली तापलेली वाटते. तिची ऊब घेऊन त्याची वाफ होते, ती वाफ दाबली की तापते, आणि घरात येऊन ऊब टाकून जाते. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, त्याचंच हे उलटं कामकाज. शोधही काही कालचा नव्हे. झ्युरिकच्या टाउन हॉलमध्ये १९३८ सालीच नदीच्या पाण्यातून ऊब खेचणारा पंप बसवला होता. वीज एक युनिट घेतो, उष्णता अडीच-तीन युनिट देतो. हे ऐकल्यावर सासरे सावध झाले. बँकेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला एकाचे तीन करून देणाऱ्यांचा अनुभव असतो.

पंप बसला. बाहेर भिंतीला स्टँडवर एक पेटी, बर्फाच्या वर राहील एवढ्या उंचीवर. आत भिंतीवर पांढरी पट्टी, आपल्या एसीसारखी. कोणी 'धप्प' म्हणेना, कोणी गुरगुरेना. पट्टीतून येणारी हवा कोमट. सगळे हात धरून बघायचे आणि म्हणायचे, "चालू आहे ना?" घरात एकवीस अंश, अंगात नुसता शर्ट, तरी विश्वास बसत नव्हता. उष्णतेने थोडं तरी दिसावं, थोडं गुरगुरावं, निदान वास तरी सोडावा, अशी माणसाची अपेक्षा असते. तिसऱ्या सकाळी सासरे ओरडत आत आले, "धूर! पेटी पेटली!" बाहेरच्या पेटीतून खरोखरच पांढरे लोट निघत होते. पेटीच्या जाळीवर दव गोठलं की पंप थोडा वेळ उलटा चालतो, स्वतःवरचं बर्फ वितळवतो, त्याची ती वाफ. समजल्यावर ते म्हणाले, "बरं झालं, काहीतरी दिसलं."

खरी अडचण पुढेच होती. पंप बसवणारा माणूस जाताना सांगून गेला होता, "तापमान एकदा ठरवा आणि त्याला हात लावू नका. बाहेर जाताना बंद करू नका. रात्री खाली आणू नका." हे वाक्य मराठी घरात उच्चारणं म्हणजे धर्मांतर आहे. आपल्याकडे मूल शुभंकरोतीच्या आधी 'लाइट बंद कर' शिकतं. गीझर अंघोळीआधी लावायचा आणि अंगाला साबण लागायच्या आत बंद करायचा, पंखा उठताना बंद, गाडी सिग्नलला बंद. आणि हे तत्त्व तेलाच्या घरात चाललंही असतं. बाहेर जाताना बंद करा, आल्यावर चालू करा, तेल अर्ध्या तासात गुरगुरून घर तापवतं. हीट पंपाचा स्वभाव वेगळा. तो संथ, एका चालीने जाणारा. घर गार पडू दिलंत तर पुन्हा तापवायला त्याला तास न् तास लागतात, आणि त्या धावपळीत तो आपल्या हिशेबापेक्षा जास्त वीज खातो. रविवारी सगळे अ‍ॅशलंडच्या देवळात गेलो होतो. निघताना सासूबाईंनी मागे वळून रिमोट दाबला, सवयीने. परत आलो तर घर देवळाच्या पायऱ्यांइतकं गार. पंप रात्रीपर्यंत धापा टाकत राहिला. त्यानंतर बायकोने पट्टीखाली कागद चिकटवला: बंद करायचं नाही! सासूबाई तो वाचत, सुस्कारा सोडत आणि शेजारचा दिवा बंद करत.

पैशांचं विचाराल तर इथे वचन देणाऱ्यांपासून सावध राहावं. मॅसॅच्युसेट्समध्ये वीज युनिटला तीस सेंटच्या आसपास, देशात महागांपैकी. तेल पावणेचार डॉलर असेल तर दोन्हींचा खर्च जवळजवळ बरोबरीत सुटतो. तेल पाचवर गेलं की पंप जिंकतो, तीनवर आलं की हरतो. आता हीट पंपवाल्यांना हिवाळ्यात विजेचा दर थोडा कमी लावू लागलेत, त्याने पारडं झुकतं. पण श्रीमंत व्हाल असं कोणी सांगू लागलं तर त्याला चहा द्या आणि निरोप द्या. मेनने मात्र कमाल केली. २०२५ पर्यंत एक लाख पंप बसवू असं तिथल्या सरकारने ठरवलं आणि २०२३ मध्येच आकडा गाठला. सरकारी काम दोन वर्षं आधी झालेलं बघून सासऱ्यांनी ती बातमी पुन्हा वाचून खात्री करून घेतली.

सगळीकडे असं सुरळीत झालं नाही. नॉर्वेने २०२० पासून घरात तेल जाळायलाच बंदी घातली आणि लोकांनी निमूट मानली. जर्मनीत २०२३ मध्ये मंत्री हाबेक यांनी नव्या हीटिंगचा कायदा आणला, तर सरकार पडतं की काय अशी वेळ आली. वर्तमानपत्रं पेटली आणि लोकांनी बंदीच्या भीतीने त्याच वर्षी गॅस-तेलाचे नवे बॉयलर घेण्यासाठी रांगा लावल्या. 'उद्यापासून मिळणार नाही' या वाक्याची ताकद दादरच्या साडीच्या दुकानात आणि बर्लिनमध्ये सारखीच.

तेलवाल्यांचाही एक पर्याय आहे: तेलात बायोडिझेल मिसळायचं, जे वापरलेल्या खाद्यतेलापासूनही करता येतं. न्यू यॉर्क राज्यात तसा कायदाच आहे, २०२५ पासून दहा टक्के, २०३० पासून वीस. भारतातही अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून तळणीचं जुनं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची मोहीम काढली. कल्पना चांगली. मराठी घरातून मात्र कच्चा माल मिळायचा नाही. भज्यांचं तेल दुसऱ्या दिवशी बटाट्याच्या भाजीला जातं, उरलेलं थालीपिठाला, आणि शेवटचा चमचा दाराच्या बिजागरीला.

आमच्यापासून जवळच, फ्रेमिंगहॅममध्ये, त्याहून मोठी उडी मारली आहे. गॅस विकणाऱ्या कंपनीने स्वतःच २०२४ मध्ये एका वस्तीच्या खाली पाण्याच्या नळ्यांचं जाळं टाकलं. खोल जमीन बारा महिने एकाच तापमानाला असते. तिथून ऊब घ्यायची, उन्हाळ्यात तिथेच परत टाकायची. त्या जाळ्यावर घरं आहेत, दुकानं आहेत आणि अग्निशमन केंद्रही आहे. आग विझवणाऱ्यांचं घर आगीशिवाय तापतं, हे ऐकून आमच्या घरात पहिल्यांदा हवामानबदलावर एकमत झालं.

पंपाबद्दल पूर्ण निर्वाळा मात्र अजून कोणी देत नाही. कित्येक जण पंप बसवूनही टाकी ठेवतात, 'असू दे, लागली तर.' टाकी काढली तर बाहेरची नळीही काढून टाकायची, हे मात्र ध्यानात ठेवावं लागतं. टाकी गेली, नळी राहिली, आणि जुन्या यादीवरून आलेल्या तेलवाल्याने शेकडो गॅलन सरळ तळघराच्या फरशीवर ओतले, असं या देशात घडलेलं आहे. तिथे शिट्टी वाजायचा प्रश्नच नव्हता.

परवा पंपाच्या तपासणीला जो माणूस आला, तो आमचा जुना तेलवालाच निघाला. कंपनी तीच, टोपी नवी. तेलाच्या धंद्यातले बरेच जण आता पंपही विकतात आणि दुरुस्त करतात. त्याने जाळी धुतली, फिल्टर दाखवला, भिंतीवरचा मराठी कागद काय म्हणतो ते विचारलं आणि समजल्यावर अंगठा वर केला. सासरे यंदा पुन्हा आलेत. त्यांनी त्याला चहा दिला आणि बँकेतल्या सवयीने मुद्द्यावर आले.

"तुम्ही तेलही विकलंत, हेही विकता. तुमच्या स्वतःच्या घरी काय आहे?"

"माझ्या घरी?" तो कप ठेवत म्हणाला. "मी लाकडं जाळतो. फुकट मिळतात."

सासऱ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच कुऱ्हाडीची किंमत शोधायला घेतली.